पिशव्यांच्या गाठी

दुपारचं ऊन कुंपणाच्या भिंतीला भिडलं की काकूच्या अंगणातल्या काळ्या पिशव्या फुगायला लागत. एका ओळीत, रवंथ करत बसलेल्या म्हशींसारख्या. हात लावला तर चटका बसेल अशा तापायच्या. आत किडके पेरू शिजत असायचे आणि पेरूंच्या पोटातल्या अळ्याही. काकू दाराच्या सावलीत उभी राहून बघायची आणि म्हणायची, "शिजा मेल्यांनो. आमच्या झाडाच्या मुळावर उठलात काय, शिजा आता."

हे काम तिच्या गळ्यात कसं पडलं ते आधी सांगायला हवं. गल्लीतल्या प्रत्येक घरामागं पेरूचं एक तरी झाड होतं, आणि गल्ली संपते तिथून बागायतदारांच्या बागा सुरू होत होत्या. बागेतलं फळ लांबच्या बाजारात जाणारं. फवारलेलं फळ तिथं चालत नव्हतं, आणि अळीचं तर नावच काढायला नको. पण फळमाशी काय कुंपण बघून उडते? ती गल्लीतल्या पेरूला टोचून आत अंडी घालायची, पेरू गळून पडायचा, अळी त्यातून निघून मातीत शिरायची आणि थोड्या दिवसांनी नवी माशी होऊन थेट बागेत. म्हणून बागायतदारांच्या संघानं गल्लीत माणूस पाठवून सांगितलं होतं, पडलेलं फळ त्याच दिवशी उचला, जाड काळ्या पिशवीत भरा, तोंड करकचून बांधा आणि भर उन्हात ठेवून द्या. पिशवी तापते, आतलं सगळं मरतं, औषधाचा थेंब लागत नाही. घरं संघाच्याच जागेवर होती, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती.

सगळ्यांनी माना डोलावल्या. थोडे दिवस उत्साह टिकला. मग कोणाची कंबर धरली, कोणाला वासानं मळमळलं, कोणाच्या अंगणात ऊनच येईना. शेवटी जिच्या अंगणात दिवसभर ऊन असायचं आणि जिचं झाड सगळ्यात मोठं होतं, तिच्याकडे काम आपोआप सरकलं. सकाळी टोपली घेऊन ती घराघराच्या मागं जायची.

"काकू, कोपऱ्यात दोन राहिले बघा," एखादी खिडकीतून सांगायची.

"वाकलीस तर मोडशील काय गं? उचल की," असं म्हणत काकू स्वतःच ते दोन उचलायची.

तिला झाडाची एवढी धास्ती का, तर ते झाड मास्तरांचं होतं.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. उभा जन्म दुसऱ्यांच्या बागेत कलमं बांधण्यात गेला. एका झाडाचा खुंट, दुसऱ्या झाडाची काडी, मधे पाचर आणि वरून पट्टी. लोक जोडमास्तर म्हणायचे. पुढं त्यातलं जोड गळून पडलं आणि नुसतं मास्तर उरलं. "मास्तर, तुम्ही काहीही जोडता, माझं तेवढं लग्न जोडून द्या की," असं कोणी म्हटलं की मास्तर त्याला खालीवर बघून म्हणायचे, "जोडलं असतं. पण खुंट किडका आहे."

मास्तरांची एक खोड होती. कलम बांधून पैसे घेतले की दुसरा कोणी तिकडं फिरकत नसे. मास्तर मात्र काही आठवड्यांनी न बोलावता परत जायचे. काडीला कोंब फुटला, जोड धरला, की पट्टी सोडायला हवी. नाही सोडली तर फांदी जाड होते आणि पट्टी तिच्या अंगात रुतत जाते. आपणच बांधलेल्या पट्टीनं आपलंच झाड गळा आवळून मरतं. बागवाले विसरायचे, मास्तर विसरायचे नाहीत. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ते असे गेले ते दिवस मावळल्यावर आले. नवी नवरी दाराकडं डोळे लावून बसली होती. सासू म्हणाली, "याला बायको नको होती, शिडी दिली असती तरी चाललं असतं." मास्तरांनी खिशातून सोडलेल्या पट्ट्यांची नीट गुंडाळलेली भेंडोळी काढून तिच्या पुढ्यात ठेवली. "बघ, सगळ्या जगल्या," म्हणाले. नवऱ्यानं आणलेली ती पहिली भेट.

अंगणातल्या झाडाच्या एकाच खोडावर मास्तरांनी पाच प्रकारचे पेरू जोडले होते. एका फांदीला आतून पांढरा, एकीला गुलाबी, एकीला जवळजवळ बिनबियांचा, एकीला लिंबासारखा आंबट, आणि वरच्या फांदीला दोन हातांत धरावा असा थोराड. गल्लीत पाहुणे आले की झाड दाखवायला आणायचे.

मग मास्तर विसरायला लागले. आधी रस्ते विसरले. मग लांबच्या गावी नांदणाऱ्या लेकीचं नाव. मग एका संध्याकाळी जेवताना त्यांनी काकूकडं बघितलं आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही फार करता हो माझं. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

काकूनं त्यांच्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, "नवरा असतो. थोडा तिरसट आहे."

"असं? सांभाळून घ्या. काय करतो?"

"कलमं बांधतो."

"चांगलं काम आहे," मास्तर म्हणाले आणि जेवू लागले.

दिवसभर असंच. पण सकाळी उठले की ते कोणी न सांगता झाडाकडे जायचे. खोडावरचे जोड बोटांनी चाचपत फिरायचे. "हा पांढरा. हा गुलाबी. हा आंबट, कोंब फुटायला फार छळलं यानं." पाचही बरोबर. आणि वरच्या फांदीपाशी आले की मागं न बघता हाक मारायचे, "अगं, शिडी आण गं."

काकू हातातलं टाकून शिडी घेऊन धावायची. त्या एका हाकेपुरती ती बाई नसायची, त्यांची बायको असायची. मग ऊन चढायचं आणि मास्तर पुन्हा पाहुणे व्हायचे. पण उद्याची सकाळ होती, तेवढ्यावर तिचं भागत होतं.

त्याच झाडाला संघाचा सापळा टांगलेला होता. दर आठवड्याला एक तरणा माणूस सायकलवरून यायचा, सापळा उघडायचा आणि आत सापडलेल्या माश्या मोजायचा. गल्ली त्याला सापळेवाला म्हणायची. काकू त्याला चहा द्यायची आणि टोमणाही. "माश्या मारत बसलेले पुष्कळ बघितले बाबा. मोजत बसलेला तूच पहिला."

"हसा काकू. घरी आईपण हेच म्हणते."

पण एक दिवस त्यानं चहा हातात घेतला आणि प्यालाच नाही. "काकू, कमी होत नाहीत हो माश्या. वाढल्यात उलट. या बहारात आकडा खाली आला नाही तर संघ गल्लीतली झाडं काढणार आहे. पहिलं तुमचं. सगळ्यात जास्त इथंच सापडतात."

"अरे, पण मी एक फळ जमिनीवर राहू देत नाही!"

"ते मला दिसतं. सापळ्याला दिसत नाही." त्यानं मास्तरांकडं बघितलं. मास्तर झाडाखाली बसून वाळकी काडी सोलत होते. "माझ्या हातात असतं तर मी..."

"तुझ्या हातात कप आहे. चहा पी," काकू म्हणाली.

तो गेल्यावर तिनं खोडाला हात लावून बघितला. कुऱ्हाड लागली तर सकाळी मास्तर कुठं जाणार? आणि हाक कोणाला मारणार?

दुसऱ्या दिवसापासून ती पिशव्यांच्या मागं हात धुऊन लागली. दिवसातून दोनदा फळं वेचायची. गाठीवर गाठ मारायची. आणि तरी एका दुपारी पाणी भरून आली तर काय, ओळीतल्या निम्म्या पिशव्यांची तोंडं उघडी. पिशव्या ढिल्या पडलेल्या, आतली धग निघून गेलेली. पांढऱ्या अळ्या काठावर येऊन अंगाची कमान करून टुणकन उड्या मारत होत्या आणि मातीत नाहीशा होत होत्या. दोरे भिंतीवर ठेवलेले होते. नीट गुंडाळून, टोक आत खोचून.

तिचं डोकंच फिरलं. उंदीर दोरे गुंडाळत नाहीत. दोरा असा गुंडाळून ठेवायची सवय कोणाला असते? भिंतीपलीकडं शिंपीण राहत होती. पेरूच्या वासानं कपडे वास मारतात, गिऱ्हाइकं नाकं मुरडतात, अशी तिची कुरकुर चाललेलीच होती. काकू दोऱ्यांची मूठ घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"हे काय आहे?"

शिंपिणीनं मशीन थांबवलं. "दोरे आहेत. विकायला काढलेस का?"

"माझ्या पिशव्या सोडल्यास तू."

"मी? तुझ्या त्या घाणीला हात लावायला मला काय वेड लागलंय?"

"वेडाचं नाव काढू नकोस माझ्यापुढं! माझ्या घरात काय आहे ते ठाऊक असून बोलतेस."

"अगं बये, मी तुझ्या घरातलं कशाला बोलू? वास येतो म्हणाले, तोंडावर म्हणाले. मागून गाठी सोडायची माझी रीत नाही."

"तुझ्याशिवाय दोरा असा गुंडाळणारं या गल्लीत कोण आहे?"

"मग जा, कोतवालाला घेऊन ये."

"आजपासून तुझ्या दारात पाय ठेवणार नाही मी."

"नको ठेवूस. अंगात झंपर घातलंस ते मीच शिवलंय. ते पण देतेस का काढून?"

काकू तरातरा घरी आली. पंचवीस-तीस वर्षांचं शेजारपण एका दुपारी धुळीला मिळालं.

दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पाण्याला जायचं सोंग केलं आणि पाण्याच्या पिंपाआड बसून राहिली. रंगेहाथ पकडायचं आणि गल्ली गोळा करायची, असा बेत होता. ऊन तापलं. घराचं दार वाजलं. मास्तर बाहेर आले. आधी झाडाकडं बघितलं, मग पिशव्यांच्या ओळीकडं. पहिल्या पिशवीपाशी उकिडवे बसले आणि अंगठ्यानं गाठ चाचपली. सदऱ्याची गुंडी लावायची तर ज्या बोटांना सुधरत नव्हतं, त्या बोटांनी काकूची दुहेरी गाठ पापणी लवायच्या आत सोडवली. आंबट वाफ त्यांच्या तोंडावर आली. ते हसले.

"झालं, झालं. जुळलंय आता तुझं. घे श्वास."

दोरा दोन बोटांभोवती गुंडाळला, टोक आत खोचलं, भिंतीवर ठेवला आणि दुसऱ्या पिशवीकडं सरकले.

काकू पिंपाआडून उठून जवळ गेली. "अहो, काय करताय हे?"

मास्तरांनी वर बघितलं. रागावलेले होते. "बाई, हे कोणी बांधून ठेवलंय? केवढं आवळलंय बघा. वेळेवर सोडलं नाही तर मरतं ते."

"मरायलाच ठेवलंय हो ते."

मास्तर तिच्याकडं बघतच राहिले. खुनी माणसाकडं बघावं तसं.

तिनं समजावलं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गाठी सुटल्या. तिनं दोऱ्याऐवजी तार पिळली, तर बोटं रक्ताळली, पण तार सुटली. पिशव्या पत्र्यावर टाकल्या, तर मास्तर शिडी लावून चढायला लागले आणि मधल्या पायरीवर थरथरत उभे राहिले. तिनं खालून त्यांचे पाय धरून ठेवले आणि एकेक पाय खाली आणला. गल्लीत दुसरी उन्हाची जागा म्हणजे शिंपिणीची गच्ची. दिवसभर ऊन, आणि जिना तिच्या घरातून. काकू एकदा तिच्या दारापर्यंत गेलीसुद्धा. आत मशीन चालू होतं. चूक माझी होती, एवढंच म्हणायचं होतं. पण जीभ उचलेना. मशीन थांबल्यासारखं वाटलं तशी ती मागं वळली.

मग उरली कडी.

झाडाकडं गेले की वाटेत पिशव्या दिसणारच, म्हणून सकाळी उठल्याउठल्या चहा देऊन काकू मास्तरांना खोलीत बसवायची आणि बाहेरून कडी लावायची. ऊन उतरेपर्यंत. पहिल्या दिवशी त्यांनी हळूच दार वाजवलं. "बाई, जरा बघता का, दार अडकलंय." दुसऱ्या दिवशी जोरात. मग दोन्ही हातांनी. "मला कामाला जायचंय! पट्ट्या सोडायच्यात लोकांच्या! झाडं मरतील ना!" काकू उंबऱ्यावर दाराला पाठ लावून बसायची. प्रत्येक धक्का तिच्या पाठीवर बसायचा. समोर पिशव्या टम्म फुगलेल्या असायच्या, एक गाठ सुटत नव्हती. संध्याकाळी ती त्यांना झाडाकडं न्यायची. पण त्यांची वेळ सकाळची. ते इकडंतिकडं बघत म्हणायचे, "अंधार पडतोय. घरी जाऊ या आपापल्या."

सापळेवाला आला. सापळा उघडून पुन्हा पुन्हा बघितलं. "काकू, उतरल्या! काय केलंत?"

"गाठी घट्ट मारल्या," काकू म्हणाली.

दारावरचे धक्केही उतरत गेले. आणि मग एका सकाळी कडी लावली आणि आतून काही आवाजच आला नाही. काकूला आधी बरंच वाटलं. चला, बसली सवय, असं म्हणून ती धान्य निवडत बसली.

भिंतीवरून शिंपिणीचं डोकं वर आलं. "आज आवाज नाही आला त्यांचा."

काकू मान खाली घालून निवडत राहिली.

"तुझ्याशी बोलत नाहीये मी. त्यांचं विचारतेय. का कोंडतेस गं त्या माणसाला?"

काकूनं सूप खाली ठेवलं. "गाठी तेच सोडत होते."

शिंपीण भिंतीवरून खाली उतरली. पुढून वळसा घालून अंगणात आली आणि समोर उभी राहिली. "म्हणजे माझ्यावर उगीच आळ घेतलास."

"हो."

"आणि दारापर्यंत येऊन परत गेलीस, गच्ची मागायला तोंड नव्हतं."

"नव्हतं."

"शिव्या द्यायला बरं होतं!" शिंपिणीनं पदर नाकाला बांधला, वाकून दोन पिशव्या उचलल्या. "बघतेस काय? उचल. जिन्यात सांडू नकोस, घसरायला होतं मला."

दोघींनी मिळून सगळ्या पिशव्या गच्चीवर नेल्या. अंगण मोकळं झालं. काकू धावत खाली आली आणि कडी काढली. मास्तर खाटेच्या काठावर बसले होते. हात मांडीवर, डोळे भिंतीवर.

"चला, झाडाकडं चला. सकाळच आहे अजून."

ते उठले. परक्या घरी बोलावल्यावर माणूस जसा मागोमाग जातो तसे आले. काकूनं त्यांचा हात धरून गुलाबी पेरूच्या जोडावर ठेवला. "हा कोणता?"

मास्तरांनी हात काढून घेतला आणि सदऱ्याला पुसला. "पेरू आहे वाटतं. छान आहे. कोणी लावलाय?"

"एक होते कलमं बांधणारे."

"हुशार असणार," मास्तर म्हणाले. जरा थांबून विचारलं, "बाई, मी आत बसू का? ऊन लागतंय."

त्यानंतर ती रोज सकाळी त्यांना झाडाखाली न्यायची, शिडी आधीच लावून ठेवायची. कधी स्वतःच शिडीवर चढून मुद्दाम वेडीवाकडी फांदी धरायची, निदान ओरडतील म्हणून. मास्तर कौतुकानं बघायचे आणि सांभाळा म्हणायचे. दाराला आता दिवसभर कडी नसायची. ते उंबऱ्याशी यायचे, उघड्या दारापाशी थांबायचे आणि परत जाऊन खाटेवर बसायचे.

बहार संपला तेव्हा सापळेवाला सायकल टाकून धावतच अंगणात आला. "काकू, वाचलं झाड! संघानं सांगितलंय, या गल्लीला हात लावायचा नाही. मास्तर, ऐकलंत का? झाड वाचलं तुमचं!"

खिडकीतून मास्तरांनी त्याला हात जोडले. "अभिनंदन," म्हणाले.

सापळेवाल्याचं हसू ओठांवरच विरलं. इकडंतिकडं बघत त्यानं उगाच सापळ्याचं झाकण घट्ट केलं. मग त्याची नजर झाडाच्या बुंध्यापाशी गेली. दारातून निघून झाडाकडं यायच्या वाटेवर, पाय अडखळेल अशा जागी, एक काळी पिशवी बसली होती.

"ही एकच खाली राहिली वाटतं. देऊ का वर नेऊन?" त्यानं उचलली तर ती हलकी लागली, आत खसखस वाजलं. "काय आहे यात?"

"वाळका पाला."

"पाल्यात कुठली आलीय अळी, काकू?"

"ठाऊक आहे मला."

"मग बांधलात कशाला?"

काकूनं पिशवी त्याच्या हातून घेऊन होती तिथं ठेवली. गाठ चाचपली. उन्हानं दोरा कडक झाला होता. तिनं ती गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, आधीपेक्षा जरा सैल.

"असू दे तिथं," ती म्हणाली.